डोकं बाहेर, अंग आत!

मुलांनो, खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? गावाकडच्या मुलांचे हात लगेच वर होतील. टोपलीत भुसा पसरून आजी अंडी मांडते, कोंबडी त्यांच्यावर अंग फुगवून बसते आणि मग पुढचे २१ दिवस तिच्या वाटेला जायची कुणाची छाती होत नाही. नीट लक्ष ठेवलंत तर दिसेल की ती अधूनमधून चोचीने अंडी उलटीपालटी करते. तिला हे कुणी शिकवलेलं नसतं. पण तिने तसं केलं नाही, तर आतलं पिल्लू कवचाच्या आतल्या पातळ पडद्याला चिकटून बसतं आणि दगावतं.

आता काय गंमत आहे पाहा. सापाच्या अंड्याचं सगळं नेमकं उलटं! साप अंडं घालतो आणि साधारण एक-दोन दिवसांत आतला इवलासा जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. इथे चिकटायचंच असतं! त्याच्या रक्तवाहिन्या तिथेच पसरतात. पुढचे सगळे दिवस तो त्याच बाजूला राहतो. नंतर कुणी ते अंडं उचलून उलटं ठेवलं, तर पिल्लू बलकाच्या वजनाखाली दबतं, रक्तवाहिन्या तुटू शकतात आणि बाहेरून अंडं चांगलं दिसत असूनही आतला जीव संपतो. म्हणून जाणकार माणसं सापाची अंडी हलवण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने हलकीशी खूण करतात. खूण कायम वर राहिली पाहिजे.

हे सगळं आज सांगायचं कारण म्हणजे आमच्या चौथीच्या वर्गात निघालेला एक प्रश्न. परिसर अभ्यासाच्या तासाला अंडी घालणारे प्राणी चालले होते. एका मुलीचे मामा अमेरिकेत राहतात. तिच्या मामेभावाने घरी साप पाळला आहे म्हणे, आणि त्या सापाने अंडीही घातली आहेत. "बाई, एका अंड्यातून पिल्लाचं नुसतं डोकं बाहेर आलंय. कालपासून तसंच आहे. ते अडकलं असेल ना? दादाने कात्रीने अंडं फाडून त्याला बाहेर काढायला नको का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "हो हो, काढायला पाहिजे!" तुम्हीही कदाचित हेच म्हणाल. अडलेल्याला मदत करावी हेच तर आपण शिकतो. पण इथे थोडं थांबू या.

आधी तो साप कोणता ते पाहू. अमेरिकेत आणि युरोपात घरी पाळला जाणारा अगदी ओळखीचा साप म्हणजे कॉर्न स्नेक. आपण त्याला मक्याचा साप म्हणू. अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅरोलिना या बाजूला तो रानात आणि शेतात मूळचाच राहतो. केशरी-लालसर रंग, त्यावर गडद तांबडे ठिपके. विष अजिबात नाही. मक्याच्या कोठारात उंदीर असतात आणि उंदरांमागे हा असतो, म्हणून हे नाव पडलं असं काहीजण सांगतात. काहीजण म्हणतात, पोटावरच्या चौकड्या रंगीत मक्याच्या दाण्यांसारख्या दिसतात म्हणून. आपल्याकडच्या धामणीचा हा लांबचा नातेवाईकच, शेतकऱ्याचे उंदीर खाणारा.

मक्याच्या सापाची मादी उन्हाळ्याच्या सुरुवातीला १० ते ३० अंडी घालते आणि निघून जाते. आपली अंडी होती हेही तिला पुढे आठवत नसावं. अंडं लांबट, पांढरं, बोटाच्या दोन पेरांएवढं. हात लावला तर कोंबडीच्या अंड्यासारखं टणक लागत नाही. चामड्यासारखं, थोडं दबणारं असतं. या मऊ कवचातून ते भोवतालचं पाणी शोषून घेतं आणि दिवसागणिक फुगत जातं. बरीच अंडी घातल्याबरोबर एकमेकांना चिकटतात आणि त्यांचा घोसच तयार होतो. तो ओढून सोडवायचा नाही, घोस तसाच्या तसा ठेवायचा.

पाळणारी माणसं ही अंडी झाकणाच्या डब्यात ठेवतात. डब्यात व्हर्मिक्युलाइट घालतात. रोपवाटिकेत कुंडीच्या मातीत मिसळतात ना, ते अभ्रकासारखं चमकणारं, हलकं खनिज. ते ओलं करायचं, पण किती? मूठभर घेऊन घट्ट दाबलं तर पाण्याचा थेंब पडता कामा नये. भाकरीच्या पिठाचा अंदाज जसा आईच्या हाताला असतो, तसाच हा हाताचा अंदाज. कोरडं पडलं तर अंडी सुकतात, चिंब झालं तर बुरशी धरते. पाणी घालायची वेळ आली तरी अंड्यांवर शिंपडायचं नाही, कडेने सोडायचं.

ऊब हवी साधारण २८ अंश सेल्सिअस. इस्त्रीमध्ये जसा आपोआप बंद-चालू होणारा थर्मोस्टॅट असतो, तसाच इथेही लावतात. ऊब फार वाढली तर पिल्लाचा कणा वाकडा होऊ शकतो किंवा ते आतच मरतं. जाता जाता एक सांगते. मगरीच्या आणि बऱ्याच कासवांच्या अंड्यांत नर होणार की मादी हे मिळालेल्या उबेवर ठरतं. सापाचं तसं नसतं.

आत जीव आहे की नाही हे कसं कळतं? आजी कंदिलासमोर अंडं धरून बघायची, तीच युक्ती. अंधारात अंड्याला टॉर्च लावायचा, अंडं न उचलता! आत लाल तांबूस शिरांचं जाळं दिसलं की समजायचं, काम चालू आहे.

असे साधारण दोन महिने जातात. या दोन महिन्यांत करण्यासारखं फार काही नसतं. खरी परीक्षा शेवटच्या आठवड्यात असते, आणि ती सापाची नाही, माणसाची असते.

शेवटच्या दिवसांत अंड्यांचं रूप पालटतं. इतके दिवस टम्म फुगलेल्या अंड्यांना खळगे पडतात, ती पिचकल्यासारखी दिसू लागतात. काही अंड्यांवर तर घामासारखे थेंब जमतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, मेली वाटतं सगळी. खळगे पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच पडले, तर मात्र ओल कमी पडते आहे असं समजायचं. शेवटाला पडले, तर पिल्लू बाहेर यायच्या तयारीला लागलं आहे. म्हणजे खुणा त्याच, पण तारखेप्रमाणे अर्थ वेगळा. म्हणूनच अंडी कोणत्या दिवशी घातली ते वहीत लिहून ठेवावं लागतं. जो लिहीत नाही तो उगीच घाबरतो, आणि घाबरलेला माणूस कात्री शोधायला लागतो!

आता पिल्लाच्या हत्याराबद्दल. सापाच्या पिल्लाच्या नाकाच्या टोकाखाली, वरच्या जबड्यात, पुढे आलेला एक बारीक धारदार दात असतो. तो फक्त अंडं कापण्यासाठीच असतो. कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीवरही असा पांढरा टोकदार कण असतो, पण तो खरा दात नव्हे, नखासारख्या पदार्थाचा असतो. सापाचा मात्र खराखुरा दात. पिल्लू आतून डोकं इकडून तिकडे हलवतं आणि मऊ कवचावर चिरा पडतात. एक नाही, चार-पाच. पाहणाऱ्याला वाटावं, कुणी ब्लेडने कापलं आहे. काम झालं की थोड्याच दिवसांत तो दात गळून पडतो. आयुष्यात एकदाच लागणारं हत्यार!

चिरेतून आधी चिकट पाण्याचा बुडबुडा येतो, मग नाकाचं टोक, मग दोन काळे चमकदार डोळे. पिल्लू पहिला श्वास घेतं. आणि मग... काहीच नाही. डोकं बाहेर, अंग आत. तास जातो, दुपार जाते, रात्र जाते. जवळ गेलं की डोकं चटकन आत, लांब गेलं की पुन्हा बाहेर. कधी एक दिवस, बहुतेक वेळा दीड-दोन दिवस असंच चालतं.

आमच्या वर्गातल्या मुलीने पाहिलं ते हेच. हे पिल्लू अडकलेलं नसतं, बरं का! ते आत फार महत्त्वाचं काम करत असतं.

अंड्यात पिवळा बलक असतो, तो म्हणजे पिल्लाची शिदोरी. दोन महिने ते त्यावरच वाढलेलं असतं. शेवटी जी शिदोरी उरते, ती ते नाळेच्या वाटेने पोटात ओढून घेतं. अंड्याला चीर पडते तेव्हा हे काम बऱ्याचदा अर्धंच झालेलं असतं. शिवाय इतके दिवस पिल्लू कवचाला लागून असलेल्या रक्तवाहिन्यांमधून श्वास घेत होतं. आता फुप्फुसाने घ्यायला लागलं तरी त्या रक्तवाहिन्या लगेच बंद होत नाहीत. हळूहळू त्यांतलं रक्त पिल्लाच्या अंगात परत येतं, त्या सुकतात आणि नाळ आपोआप सुटते. सापाला बेंबी असते हे तुम्हाला माहीत होतं का? नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटावर, शेपटीच्या बाजूला, बारीक उभी चीर दिसते. तीच त्याची बेंबी!

आता विचार करा. अशा वेळी कुणी दयाळू माणसाने चिमट्याने पिल्लू ओढून बाहेर काढलं तर? रक्तवाहिन्या तुटणार, रक्त वाहणार. पोटात जायची शिदोरी बाहेर लोंबत राहणार. बलक बाहेर राहिलेलं पिल्लू अशक्त होतं, जंतूंना वाट मिळते, आणि पुष्कळदा ते दोन-तीन दिवसांत मरतं. नुसतं सारखं झाकण उघडून बघितलं तरी घाबरलेलं पिल्लू शिदोरी अर्धवट टाकून बाहेर उडी मारू शकतं. ओढणाऱ्याला आणि झाकण उघडणाऱ्याला, दोघांनाही वाटत असतं आपण काळजी घेतोय!

मग करायचं काय? डब्यातली ओल आणि ऊब आहे तशीच ठेवायची. झाकण घट्ट आहे ना, ते बघायचं, कारण वेताएवढं, पेन्सिलीसारखं बारीक पिल्लू कुठल्याही फटीतून पसार होतं आणि मग कपाटामागे शोधत बसावं लागतं. दिवसातून एक-दोनदा बाहेरूनच नजर टाकायची. बाहेर आलेली पिल्लं उचलून वेगळ्या डब्यात, ओल्या कागदावर ठेवायची. तेही ती अंड्यातून पूर्ण सुटली असतील तरच. बस्स.

एखाद्या पिल्लाचा बलक खरोखरच थोडा बाहेर राहिला, तर तो कापायचा नाही, दोऱ्याने बांधायचा तर मुळीच नाही. स्वच्छ, ओलसर, मऊ कागद घातलेल्या लहानशा डब्यात पिल्लाला एकटं, शांत ठेवतात आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारतात. बऱ्याच वेळा उरलेला बलक एक-दोन दिवसांत आत जातो किंवा सुकून गळतो.

"पण बाई, एखादं खरंच अडकलं असेल तर?" हाही प्रश्न आलाच. तसंही होतं. सगळी भावंडं बाहेर येऊन दोन दिवस झाले आणि एकच अंडं तसंच आहे, त्याला बुरशी नाही, टॉर्चच्या उजेडात आत हालचाल दिसते आहे, अशा वेळी अनुभवी माणसं बारीक टोकाच्या कात्रीने अंड्याच्या वरच्या बाजूला, शिरा टाळून, नखाएवढी खिडकी करतात. खिडकी, दार नव्हे! हवा आत जाते, पिल्लाला वाटलं तर ते तिथून नाक काढतं. पुढे पुन्हा वाट पाहायचीच. त्याला कुणी ओढत नाही.

आफ्रिकेतला बॉल पायथॉन नावाचा लहान अजगर पाळून त्याची पैदास करणारे काही लोक मात्र सगळीच अंडी ठरलेल्या दिवशी स्वतःच कापतात. ते म्हणतात, त्यामुळे एखादं कमजोर पिल्लू गुदमरायचं वाचतं. दुसरे म्हणतात, पिल्लू कुठल्या रंगाचं निघालं आणि त्याला किती पैसे मिळतील हे पाहायची यांना घाई झालेली असते. दोन्हींत थोडं थोडं खरं असेल. मला स्वतःला निरोगी अंड्याला कात्री लावणं पटत नाही. कोट्यवधी वर्षं सापाची पिल्लं कात्रीशिवाय बाहेर येत आली आहेत.

बाहेर आल्यावर लगेच उंदीर द्यायचा का? नाही. पोटातली शिदोरी पुरते. साधारण आठवडा-दहा दिवसांनी पिल्लू पहिली कात टाकतं. ती कात काकडीच्या सालीसारखी पातळ असते, त्यावर खवल्यांची नक्षी जशीच्या तशी उमटलेली. ही कात पडली की मग पहिलं जेवण. आणि सापाला किंवा त्याच्या डब्याला हात लावला की साबणाने हात धुवायचे, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

सगळेच साप मक्याच्या सापासारखे अंडी टाकून जात नाहीत. आपल्या अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून सुमारे दोन महिने बसते. थंडी वाटली की अंग थरथरवून स्वतः ऊब तयार करते. १८४१ साली पॅरिसमध्ये आशिल व्हालाँसिएन या फ्रेंच शास्त्रज्ञाने अंड्यांवर बसलेल्या अजगराच्या मादीच्या वेटोळ्यात तापमापक ठेवून ही ऊब मोजली होती. गोवा, कर्नाटक, केरळच्या जंगलांतली नागराजाची मादी तर पालापाचोळा ओढून चक्क घरटं करते, राखण करते आणि पिल्लं निघायच्या थोडं आधी निघून जाते. आणि घोणस? ती अंडी घालतच नाही, तिला थेट पिल्लं होतात. तेव्हा कुणी घोणशीची अंडी सापडली म्हणून सांगितलं तर समजा, अंडी दुसऱ्या कुणाची तरी आहेत.

आता तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं असेल, आपणही एक डबा आणावा, परसातली अंडी ठेवून बघावीत. तर ऐका. आपल्या देशात १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले रानातले साप पकडायला, पाळायला, त्यांची अंडी गोळा करायला मनाई आहे. अमेरिकेतला मामेभाऊ पाळतो तो तिकडचा साप, तिकडच्या नियमाने. पालकांनीही हे ध्यानात ठेवावं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, अंड्यावर कुठे नाव लिहिलेलं असतं? धामण, दिवड, नाग, मण्यार, सगळेच अंडी घालतात. पांढरी, लांबट, मऊ. त्यातून निघालेलं नागाचं पिल्लू पहिल्या दिवसापासून फणा काढतं आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतं.

तरीही ही अंडी आपल्यासमोर येतात. उन्हाळ्यात विहिरीचं, घराच्या पायाचं खोदकाम निघतं, शेणखताचा खड्डा उपसला जातो, कडब्याची गंजी हलवली जाते आणि पांढऱ्या अंड्यांचा घोस दिसतो. पुष्कळ ठिकाणी घाबरून त्यांच्यावर दगड घालतात, नाहीतर पेटवून देतात. खरं तर त्यांतली कितीतरी अंडी धामणीची, म्हणजे शेतातल्या उंदरांवर जगणाऱ्या बिनविषारी सापाची असतात. धामण ही नागाची मादी असते असं आमच्या भागात अजून म्हातारी माणसं सांगतात. तसं काही नाही, दोन्ही वेगळ्या जाती. नागाची मादी नागीणच असते!

असा घोस दिसला तर काम थांबवायला मोठ्यांना सांगा. हात लावू नका, काठीने ढोसू नका, मादी जवळच असू शकते. शक्य असेल तर माती परत हलकेच लोटायची आणि काही आठवडे ती जागा सोडून काम करायचं, हे सगळ्यांत उत्तम. तेही काम मोठ्यांचंच, आणि मादी आसपास नाही याची खात्री झाल्यावरच. ते जमणारच नसेल तर मोठ्यांनी वनविभागाला कळवायचं. महाराष्ट्रात १९२६ हा हॅलो फॉरेस्टचा क्रमांक आहे. वनविभागाची माणसं किंवा त्यांच्याकडे नोंद असलेले सर्पमित्र येतात, पेन्सिलीने खुणा करून अंडी त्याच मातीत ठेवून नेतात आणि पिल्लं निघाली की वनविभागाच्या परवानगीने त्यांना योग्य जागी सोडतात. फोनवर चार गोष्टी नीट सांगितल्या तर त्यांचं काम सोपं होतं. जागा कोणती, अंडी साधारण किती, जवळ साप दिसला का, आणि अंडी हलली असतील तर आधी त्यांची कोणती बाजू वर होती.